खाणारा कोण, रांधणारा कोण?

शहरात जात उरली नाही असं म्हणणारा माणूस पहिलं उदाहरण देतो ते हॉटेलचं. म्हणतो, बघा, हॉटेलात कोण विचारतं जात? पैसा टाका, बसा, खा. प्रोफेसर असं म्हणतात, पुढारी म्हणतात, आणि आपल्यातले नोकरीला चिकटलेलेही आता म्हणायला लागलेत. या वाक्याला नुसतं हसून चालणार नाही. ते अर्धं खरं आहे. अर्धं खरं असलेलं वाक्य धडधडीत खोट्यापेक्षा जास्त दिवस टिकतं, म्हणून ते नीट उलटंपालटं करून बघितलं पाहिजे.

मी डाळमिलमध्ये काम करतो. जळगावच्या एमआयडीसीत डाळमिला पुष्कळ. तूर येते, तिला तेल-पाणी लागतं, वाळते, रोलवर साल निघते, दोन फाका होतात. डाळ गोणीत, चुनी ढोरांना. आमच्यासारख्या मिलला कॅन्टीन नसतं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं कॅन्टीन लावलं ते अडीचशेहून जास्त कामगारांच्या कारखान्याला, आणि आमच्या मिलमध्ये तेवढी माणसं कधी नव्हतीच. त्यामुळं पाळी सुटली की रस्त्यावरच्या हातगाड्या हेच आमचं कॅन्टीन. पुस्तकं मी मागून वाचली, गाड्यांवर आधी जेवलो. एवढ्या हक्कानं हे लिहितोय.

मित्रहो, आधी जे खरं आहे ते मोकळेपणानं मान्य करू.

जळगावात सकाळी स्टेशनबाहेर पोहे आणि चहा. दाणाबाजाराकडं वळलं की तेलाच्या कढया, कचोरी, भजी, मीठ लावून तळलेल्या मिरच्या. थंडी पडली की भरीत. बामणोदकडची, आसोद्याकडची मोठाली वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, मिरची-लसणासंगं ठेचायची, वरून कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळलेली. या जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. धुळ्यात दोन मोठे रस्ते एकमेकांना भेटतात, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर. ट्रक थांबतात म्हणून ढाबे, आणि ढाबे म्हणून शेवभाजी. कांदा आणि सुकं खोबरं काळं पडेस्तोवर भाजायचं, मसाल्यासंगं वाटायचं, रश्शाला तेल सुटू द्यायचं आणि जाड तिखट शेव अगदी शेवटी, वाढताना टाकायची. गरिबाच्या घरी भाजी नसली तर शेव असते, आणि ढाब्यावर मटण परवडलं नाही तर मटणाचा मसाला तरी असतो. धुळ्याच्या आग्रा रोडवरून पाचकंदीलापर्यंत चाललात तर दर दहा पावलांवर काहीतरी उकळतंय, काहीतरी तळलं जातंय.

या सगळ्या फिरण्यात कुणी मला जात विचारली नाही. बाकावर माझ्या एका बाजूला पाटलाचा पोरगा बसतो, दुसऱ्या बाजूला भिल्लाचा. एकाच बादलीतल्या पाण्यात आमच्या तिघांच्या प्लेटा बुचकळल्या जातात. ती बादली स्वच्छ नसेल, पण मनुस्मृतीपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे.

आणि हे काही लहान काम झालेलं नाही. आपल्या आज्या-आजोबांना विचारा. खेड्यातल्या हॉटेलबाहेर खुंटीला, कुडाच्या फटीत, छपराच्या वळचणीला आपली कपबशी वेगळी असायची. कान तुटलेली, तडा गेलेली. चहा वरून ओतायचा, प्यायल्यावर कप आपणच विसळायचा, आणि पैसे मात्र फळीवर ठेवायचे. ते पैसे उचलून हॉटेलवाला गल्ल्यात टाकायचा. माणसाच्या ओठाचा विटाळ व्हायचा, त्याच माणसाच्या घामाच्या नाण्याचा होत नसे.

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायला बाबासाहेबांना हजारो माणसं न्यावी लागली, ती पाण्याच्या चवीसाठी नव्हे. पुढं संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं ही नावं स्वच्छ लिहिली गेली. १९५५ चा अस्पृश्यतेच्या अपराधांचा कायदा, ज्याचं नाव १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा झालं, तो तर हॉटेलातल्या भांड्यांपर्यंत उतरला. सार्वजनिक हॉटेलातली भांडी वापरायला आडकाठी केली तर गुन्हा. विचार करा, एका देशाला आपल्या कायद्यात कपबशीची तरतूद करावी लागते. किती कपबश्या खुंटीला टांगलेल्या असतील म्हणून!

तेव्हा हॉटेलच्या बाकावर बसता येणं ही लढून घेतलेली गोष्ट आहे. तिला कुणी शहराची मेहेरबानी म्हणू नये.

पण आता दुसरा अर्धा भाग बघू. हॉटेलवाला मला जात विचारत नाही ती मी गिऱ्हाईक आहे म्हणून. गिऱ्हाईक म्हणजे चालता-बोलता पैसा. पैशाला विटाळ कधीच नव्हता, हे आत्ताच आपण बघितलं. मग बदललं काय? नाणं घेण्याची रीत बदलली, कप आत आला. चांगलं झालं. पण जातीचं घर नाण्यात नव्हतंच. ते हातात होतं.

हे आपल्या खान्देशातच बाबासाहेबांच्या अंगावर घडलेलं आहे. १९२९ साली ते धुळ्याच्या बाजूचं काम आटपून परतताना चाळीसगावला उतरले. आपल्या माणसांनी त्यांना वस्तीवर न्यायचं ठरवलं होतं. टांगा पाहिजे होता. एकही टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. भाड्याला ना नव्हती. शेवटी तोड निघाली ती अशी की टांगा भाड्यानं देतो, हाकणार मात्र नाही. मग आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला. त्याला हाकायची सवय नव्हती. वाटेत पुलाजवळ टांगा उलटला, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

या टांगेवाल्याकडं नीट बघा. त्यानं पैसे घेतले. टांगा दिला, घोडा दिला. त्याची लाकडी गादी बाटली नाही, घोडा बाटला नाही. बाटणार होती ती फक्त त्याची सेवा. हा वर बसणार आणि मी याच्यासाठी लगाम धरणार, हे त्याला जमत नव्हतं. परदेशातून शिकून आलेल्या बॅरिस्टरपेक्षा त्याला आपली जागा वरची वाटत होती.

कापडमिलींमध्येही हेच. मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात पगार जास्त होता, आणि तिथं आपल्या माणसांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा. आपला ओठ लागलेला धोटा दुसरा कामगार कसा धरणार? १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर ठेवला. लाल बावटा तोच, मालक तोच, पण धागा ओढणारा ओठ कुणाचा हे विचारलं जात होतं. आज जळगावची खान्देश मिल बंद आहे, धुळ्याची प्रताप मिल बंद आहे, ते धोटेही भंगारात गेले. तो प्रश्न मात्र भंगारात गेला नाही. तो स्वयंपाकघरात जाऊन बसला.

आपल्या चळवळीत अमेरिकेतल्या काळ्या भावांची आठवण काढायची रीत आहे, आणि ती चांगली आहे. १ फेब्रुवारी १९६० ला ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थ नावाच्या दुकानात गेले. टूथपेस्ट वगैरे सामान घेतलं. दुकानानं पैसे घेतले. मग ते खाण्याच्या काउंटरवर बसले आणि कॉफी मागितली, तर मिळेना. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, तिसऱ्या दिवशी आणखी. जुलै महिन्यात काउंटर खुलं करावं लागलं. त्या दिवशी तिथं पहिल्यांदा बसून जेवल्या त्या त्याच दुकानात काम करणाऱ्या काळ्या बाया. रोज इतरांना खाऊ घालणाऱ्या हातांना त्या दिवशी तिथं पहिल्यांदा बसायला मिळालं.

यात आपल्यासाठी एक धडा आहे जो आपण फारसा वाचत नाही. तिकडं गोऱ्याच्या घरात काळी बाई रांधायची. तिच्या हातची भाकर त्याला गोड लागायची. तिचं शेजारी बसणं मात्र खपायचं नाही. आपल्याकडं उलटं झालंय. शेजारी बसणं शहरात खपतं. आपल्या हातचं खाणं खपत नाही. म्हणून आपल्याकडं ब्राह्मण आचारी सगळ्यांना चालत आला, जुन्या शहरांत हॉटेलांच्या पाट्यांवर ब्राह्मणाचं हॉटेल असं अभिमानानं लिहिलेलं असायचं. तिकडची लढाई खुर्चीची होती. आपली लढाई खुर्चीवर संपत नाही. तव्यापर्यंत जावी लागते.

आता कुठल्याही मोठ्या हॉटेलात जेवायला बसलात तर एकदा मागच्या दारानं नजर टाका. मोरीवर भांडी घासणारा कोण? खरकटं बाहेर नेणारा कोण? संडास धुणारा कोण? आणि तव्यापुढं कोण, गल्ल्यावर कोण? आमच्या वस्तीतली किती पोरं हॉटेलात कामाला आहेत. बहुतेक मोरीवरच सापडतील. मोरीवरून तव्यापर्यंत अंतर दहा फूट असतं. त्या दहा फुटांना काही जणांचं अख्खं आयुष्य लागतं.

आणि ज्यानं स्वतःची गाडी टाकली त्याचं काय? खरा प्रश्न इथं सुरू होतो.

मिलच्या वाटेवर आपल्या एका माणसाची गाडी आहे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. थंडीत भरीत-भाकरी, एरवी अंडाभुर्जी. हाताला चव अशी की रात्री रांग लागते. गाडीवर एका देवाचं नाव रंगवलंय, ज्याला आप्पा घरी मानत नाहीत. घरात बाबासाहेब आणि बुद्ध. गाडीवर देव. आमच्यातल्या काही पोरांना हे टोचलं. एका रात्री ते जाऊन म्हणाले, आप्पा, तुम्ही आपली ओळख लपवता. गाडीवर बाबासाहेबांचा फोटो लावा, जयभीम लिहा. आप्पा भाकर थापत होते. थापता थापता म्हणाले, "भाऊ, तू कविता लिहितो. तुझी कविता नाही कोनी ऐकली तर ती वहीत राहते. माझी भाकर रातच्या अकरापावतर नाही ईकली तर ती नासते. फोटो लावतो मी. रोज पन्नास भाकरी तू घेशील का?"

पोरं गप्प झाली. मी तेव्हापासून या प्रश्नावर विचार करतोय. आप्पांचं चुकतंय का?

एक उत्तर असं की हो, चुकतंय. लपवलेली ओळख म्हणजे शरणागती. बाबासाहेबांनी आपल्याला ताठ मान दिली ती देवाच्या पाटीमागं वाकवायला नाही. तुम्ही लपलात की शेजारच्या गाडीवाल्यालाही लपावं लागतं, आणि मग असं वाटायला लागतं की शहरात आपला माणूस रांधतच नाही. या उत्तरात जोर आहे. मी ते हलकं समजत नाही.

दुसरं उत्तर असं की आधी पोट. पोरांच्या फिया, घरभाडं, व्याजानं घेतलेली गाडी. भुकेल्या माणसाला स्वाभिमानाचं व्याख्यान देणारा स्वतः जेवून आलेला असतो. या उत्तरातही जोर आहे. पण ते पुरतं नाही. पोट हेच शेवटचं उत्तर असतं तर आपण मेलेली ढोरं ओढणं कधीच सोडलं नसतं. महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं तेव्हा माणसं उपाशीच होती, तरी त्यांनी सोडलं. भुकेपेक्षा मोठं काही असतं हे आपल्याच लोकांनी जगाला दाखवलंय.

मग? मला वाटतं आपण प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारतोय. आप्पा का लपवतात हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की ती भाकर गोड मानून खाणारा माणूस नाव कळल्यावर का उठतो? भाकर तीच, मीठ तेच, जाळ तोच. नाव कळल्यानं भाकरीत काय बदलतं? काहीच नाही. बदल खाणाऱ्याच्या डोक्यात होतो. मग दोष भाकरवाल्याच्या पाटीत शोधायचा की खाणाऱ्याच्या डोक्यात? चोराच्या भीतीनं कुणी दाराला कडी लावली तर आपण कडीची चौकशी करतो की चोराची?

पाटीचा हा प्रश्न आता देशापुढंही आला आहे. जुलै २०२४ मध्ये कावड यात्रेच्या रस्त्यावर उत्तर प्रदेशात आणि उत्तराखंडात खाण्याच्या गाड्यांवर, ढाब्यांवर मालकाचं नाव ठळक लिहा असा हुकूम निघाला. सरळ मार मुसलमानांवर होता. २२ जुलैला सुप्रीम कोर्टानं त्याला अंतरिम स्थगिती दिली आणि सांगितलं की खाणं कुठल्या प्रकारचं आहे ते लिहायला लावता येईल, नाव लिहायला जबरदस्ती करता येणार नाही. मित्रहो, जबरदस्तीनं नाव लिहून घेणं आणि भीतीनं नाव लपवायला लावणं, या एकाच दुकानातल्या दोन फळ्या आहेत. दोन्हीकडं रांधणाऱ्याचा हात तपासला जातो. म्हणून आपल्या पोरांनी आप्पांना फोटो लावा म्हणून दटावू नये. नाव लावायचं की नाही हे ठरवायचा हक्क ज्याची गाडी त्याचा. आपलं काम तो हक्क बिनभीतीचा करायचं आहे.

तो बिनभीतीचा कसा होतो याचं एक उदाहरण कोल्हापुरात आहे. शाहू महाराजांच्या पागेतले गंगाराम कांबळे सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना सहानुभूतीचं भाषण दिलं नाही. त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं. सत्यसुधारक हॉटेल. आणि मग स्वतःची गाडी त्या हॉटेलसमोर थांबवून तिथला चहा प्यायला लागले. सोबतच्यांनाही प्यायला लावायचे. महाराजांनी कांबळ्यांना आपल्या पंगतीला बोलावलं असतं तर ती एक दिवसाची बातमी झाली असती. ते कांबळ्यांच्या दारात गेले. देणारा हात कांबळ्यांचा, घेणारा हात राजाचा. यात जातीची उतरंड उलटी झाली, आणि शिवाय कांबळ्यांच्या गल्ल्यात रोजचे पैसे पडले.

१९३६ साली जातिनिर्मूलनाच्या भाषणात बाबासाहेबांनी सहभोजनानं जात मरत नाही हे सांगून ठेवलंय. त्यांचा खरा रोख आंतरजातीय लग्नावर आणि शास्त्रांच्या मुळावर होता. ते बरोबरच आहे. रात्री माझ्या शेजारी भुर्जी खाणारा सकाळी मला आपली बहीण देणार नाही. हॉटेलवर माझी एवढी भिस्त नाहीच. पण सहभोजन आणि रोजची भाकर यात मला एक फरक दिसतो. सहभोजन वर्षातून एकदा होतं, त्याचा फोटो निघतो, आणि यजमान बहुधा वरचा असतो. तो आपल्याला वाढतो आणि मोठा होतो. आपल्या हातचं रोज, पैसे मोजून, चव आवडते म्हणून खाणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यात उपकार नाही. त्यात आपला हात सेवेकऱ्याचाही नाही आणि विटाळाचाही नाही. कारागिराचा आहे.

हे किती अवघड आहे ते बघायचं तर शाळेत बघा. दुपारच्या जेवणाच्या योजनेत स्वयंपाकी नेमताना दलितांना प्राधान्य द्या असं सुप्रीम कोर्टानं २००४ साली सांगितलं. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांगच्या शाळेत दलित बाईंना भोजनमाता म्हणून नेमलं, तर सवर्णांची पोरं डबे घेऊन यायला लागली. बाईंना काढलं. नेमणुकीत नियम पाळले नाहीत म्हणाले. मग तिथल्या दलित पोरांनी काय केलं? आमच्या बाईंच्या हातचं चालत नसेल तर तुमच्या बाईंच्या हातचं आम्हाला चालत नाही, असा पवित्रा घेऊन त्यांनी जेवण नाकारलं. बोभाटा झाला, बाईंना परत घ्यावं लागलं. सहावी-सातवी-आठवीची पोरं. त्यांना जे कळलं ते आपल्या कितीतरी परिषदांच्या ठरावांत सापडत नाही. प्रश्न ताटाचा नाही, हाताचा आहे.

आता पाटीवर जे पदार्थ आहेत त्यांच्याबद्दल थोडं. खान्देशी थाळी म्हणून मोठ्या शहरांत भरीत, शेवभाजी, वरण-बट्टी, पाटवड्यांचा रस्सा विकला जातो. आनंद आहे. पण आपल्या घरातली रक्ती, वजडी, उन्हात वाळवलेल्या चान्या या थाळीत नाहीत. मराठवाड्याच्या दलितांच्या खाण्यावर शाहू पाटोळ्यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये लिहिलं तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं की या खाण्यालाही रीत आहे, पाककृती आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैल-वळूपर्यंत वाढवला गेला. एका हातानं पुस्तक आलं, दुसऱ्या हातानं ताट काढून घेतलं. पण यात आपणही भाबडेपणा करू नये. आपलं सगळं खाणं काही आवडीनं झालेलं नाही. लादलेल्या उपासमारीतून जे झालं त्याची आरती करायची गरज नाही. जे फेकलेलं होतं त्याचं चवदार अन्न करणारी जी अक्कल आपल्या बायांकडं होती, ती मात्र आपली आहे. ती जपली पाहिजे आणि विकली पाहिजे.

बायांचं नाव निघालंच आहे तर घराकडं वळू. आपली बैठक असते. आत चहा कोण करतं? समतेवर दोन तास बोलून झाल्यावर खरकट्या कपबश्या कोण उचलतं? गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती म्हणून आपण पेटून उठतो, आणि आपल्या घरात रांधणारी सगळ्यांच्या मागून उरलेलं खाते. रांधणाऱ्या हाताला मान द्या असं जगाला सांगायचं तर सुरुवात चुलीपासून करावी लागेल. आणि दुसरं. आपल्यातले किती जण मेहतराच्या घरचं पाणी पितात? मांगाच्या, भिल्लाच्या घरी जेवतात? धुळ्यात मुसलमान मोहल्ल्यातल्या भटारखान्यात रोटी खातो तेव्हा आपण बिनधास्त असतो, कारण तिथंही आपण गिऱ्हाईक असतो. घरी जेवायचं आमंत्रण आलं तर? टांगेवाला फक्त चाळीसगावात नव्हता. तो आपल्याही आत बसलेला असू शकतो.

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगल्यावर बाबासाहेबांच्या मुक्कामाच्या आठवणीसाठी माणसं जमतात. पाऊस असतो, चिखल असतो, पुस्तकांचे गाळे असतात आणि खाण्याच्या गाड्या असतात. तिथं आपला गाडीवाला देवाचं नाव पुसतो आणि जयभीम लिहितो. त्या एका दिवशी त्याला भीती नसते, कारण खाणारे आपले असतात. प्रश्न एवढाच की उरलेले तीनशे चौसष्ट दिवस आपण खाणारे कुठं असतो?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं.

आपल्या माणसाच्या गाडीवर रोज खा. उधारीवर नाही, रोखीनं. सवर्ण मित्राला सोबत न्या, आणि खाऊन झाल्यावर त्याला सांगा की हे कुणाच्या हातचं होतं. पण गाडीवाल्याला आधी विचारून. पाटी लावायची हिंमत आधी त्यांनी करावी ज्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला येतो. मास्तरांनी, बँकवाल्यांनी, साहेबांनी. आपल्या आडनावाची पाटी दारावर लावायला जे कचरतात त्यांनी भुर्जीवाल्याला स्वाभिमान शिकवू नये. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यात शहर फेरीवाला समितीत कमीत कमी चाळीस टक्के जागा फेरीवाल्यांच्या, त्यातल्या एक-तृतीयांश बायांच्या, आणि दलित-आदिवासींनाही प्रतिनिधित्व आहे. जळगावला महापालिका आहे, धुळ्याला आहे. त्या समितीत आपलं कोण आहे ते जाऊन विचारा. कुणी नसेल तर उभं करा. रस्त्यावरची जागा पक्की असली की माणसाची मान आपोआप सरळ होते. आणि हॉटेलात कामाला असलेल्या आपल्या पोरांना मोरीवरून तव्यावर जायला लागेल ती मदत करा. धंदा शिकवा, कर्ज मिळवून द्या, भांडायला लागलं तर भांडा.

समता म्हणजे मी तुझ्या हॉटेलात बसू शकतो एवढंच नाही. ती आपण मिळवली, पुढच्यांनी टिकवायची. पण ज्या दिवशी आप्पांच्या गाडीवर त्यांचं खरं नाव असेल, आणि रांगेतला एकही माणूस ते वाचून मागं वळणार नाही, त्या दिवशी या शहरानं जात सोडली असं म्हणायला मी तयार होईन. तोपर्यंत हॉटेलचं उदाहरण देणाऱ्याला एवढंच विचारा. साहेब, खाणारा कोण ते तुम्ही सांगितलंत. रांधणारा कोण ते सांगा.

जयभीम.